जुने टोपो नकाशे खरंच रद्दीत घालायचे?

‘जुने टोपो नकाशे म्हणजे डोंगर, नद्या आणि उंचीच्या रेषा. लष्करासाठी काढलेले. गावच्या माणसांबद्दल त्यात काही नाही. आता उपग्रह आहेत, घाला ते रद्दीत.’ हा मजकूर सध्या बराच फिरतोय.

लष्कराचं म्हणणं अर्धं खरं. ब्रिटनची सरकारी नकाशासंस्था ऑर्डनन्स सर्व्हे १७९१ साली सुरू झाली ती लष्करी गरजेतूनच. पण पुढे तिच्या मैलाला सहा इंच प्रमाणाच्या नकाशांवर लोहाराची भट्टी, चक्की, विहीर, हातपंप, पायवाटा असं सगळं आलं. तोफा न्यायला हातपंप कशाला हवा?

‘माणसांबद्दल काही नाही’ म्हणणाऱ्याने मात्र नकाशा उघडलेलाच नसावा. अमेरिकेच्या यूएसजीएसचा, म्हणजे तिथल्या सरकारी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचा, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला एखादा ग्रामीण नकाशा घ्या. छोटा काळा चौकोन म्हणजे इमारत. त्यावर झेंडा असला तर शाळा, क्रूस असला तर चर्च. शेतीच्या भागात हे झेंडे थोड्याथोड्या मैलांवर भेटत राहतात, कारण पोरं चालत शाळेत जायची. आता त्याच भागाची पुढची आवृत्ती शेजारी ठेवा. कुठे चौकोन तसाच असतो, झेंडा गेलेला असतो. शाळा मोठ्या गावातल्या शाळेत विलीन झाली, पोरं बसने जाऊ लागली. चौरस्त्यावर चारच घरं, तरी ठसठशीत नाव? तिथे बहुधा टपाल कार्यालय होतं. १८९६ पासून खेड्यांत टपाल घरपोच जाऊ लागलं, तशी अशी कितीतरी कार्यालयं बंद पडली. नाव तेवढं राहिलं.

उपग्रहाचं म्हणाल, तर पृथ्वीची छायाचित्रं टिपणाऱ्या अमेरिकी लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह १९७२ चा. मॅसॅच्युसेट्समधली डाना, एनफिल्ड, ग्रीनिच आणि प्रेस्कॉट ही गावं बोस्टनच्या पाण्यासाठी १९३८ मध्येच अधिकृतपणे मोडीत निघाली. आज वरून बघाल तर क्वॅबिन जलाशयाचं पाणी दिसेल.

या नकाशांची खरी उणीव त्या मजकुराला दिसलीच नाही. ऑर्डनन्स सर्व्हेच्या नावांच्या वह्यांत गावांची, शेतांची नावं कोणाला विचारून लिहिली तेही नोंदवलेलं असे. त्यांत जमीनदार, पाद्री, शिक्षक यांचाच भरणा. शेतमजुराला क्वचितच कोणी विचारायचं. आणि शाळेवरचा झेंडा आत कोणाची मुलं घेत नसत ते सांगत नाही. त्यासाठी दुसरी कागदपत्रंच धुंडाळावी लागतात.

नकाशा हाती आला की आधी समासातलं सर्वेक्षणाचं साल बघा. छपाईचं साल त्याच्या बरंच नंतरचं असू शकतं.