‘तू माणूस आहेस का?’

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. लांबण लागणार आहे.

आमचा पाण्याचा फिल्टर आठ दिवस बंद. आई रोज कंपनीला फोन लावते. पलीकडे ‘स्नेहल’. गोड आवाज, छान मराठी, मध्येच "अंऽ, एक मिनिट हं, बघते" आणि कीबोर्डची टकटक. काल शेवटी रेटिंग मागितलं तर आईनं पाच दाबले. अगं, फिल्टर बंद आहे ना? तर म्हणे, "नवीन दिसतेय पोर. माझ्यामुळे तिचा पगार कापायला नको."

आज आई आत स्नेहलशी बोलत होती आणि मी वैतागून गॅलरीतून त्याच नंबरवर फोन लावला. माझ्याशीही स्नेहलच! तोच "अंऽ", तीच टकटक. विचारलं, तू माणूस आहेस का? "मी तुमच्या मदतीसाठीच आहे, सर."

अरे, तू तर यंत्र! बोट नाही तुला, टकटक कसली करतेस?

अमेरिकेत युटामध्ये २०२४ पासून कायदा आहे, समोर माणूस आहे की यंत्र, हे गिऱ्हाइकानं विचारलं तर धंदेवाल्यानं खरं सांगायचं. विचारलं तर! माझी आई विचारेल? आपल्याकडे ‘तू माणूस आहेस का?’ हे भांडणात म्हणतात. फोनवरच्या परक्या पोरीला ती असं कशाला म्हणेल? कॅलिफोर्नियाचा २०१९ पासूनचा कायदा विक्री आणि मतदानासाठी फसवणाऱ्या बॉटपुरता, म्हणजे माणसासारखं बोलणाऱ्या संगणक प्रोग्रामपुरता. तक्रार ऐकणारी स्नेहल त्यातून सुटली. त्यापेक्षा युरोपचा कायदा बरा: समोर यंत्र आहे हे उघड दिसत नसेल, तर न विचारता सांगा.

आणि आपण? २०२३ मध्ये सरकारनं ‘डार्क पॅटर्न’ म्हणून गिऱ्हाइकाला गंडवायच्या १३ युक्त्यांची यादी काढली. कार्टमध्ये गुपचूप वस्तू घुसवणं आहे, खोटी घाई करणं आहे. यंत्राला पोरीचं नाव देऊन म्हाताऱ्या माणसांची माया उकळणं नाही. टाका की चौदावी! फोन उचलल्या उचलल्या एक वाक्य, "मी यंत्र आहे." कुणाचं दिवाळं निघणार आहे त्यानं?

हो, मान्य, स्नेहल रात्री दोनलाही फोन उचलते आणि कधी खेकसत नाही. ठेवा की मग तिला. फक्त रेटिंगचे ते पाच गुण परत द्या. ते आईनं यंत्राला दिले नव्हते, कुणाच्या तरी लेकीला दिले होते.

दुपारी आईला सांगितलं. मला वाटलं, चिडेल. ती भाजी निवडत होती. जरा थांबली आणि म्हणाली, "तरीच. परवा मी तिला विचारलं, जेवलीस का बाळा? तर म्हणते कशी, आणखी काही मदत हवी आहे का?"