‘पायाचा डॉक्टर इनसोल विकतो’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

पळणाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा: टाच दुखते म्हणजे हाड वाढलंय. पायाच्या डॉक्टरकडे जाऊ नका, तो इनसोल (बुटात घालायची गादी) गळ्यात मारतो. बूट फेका, अनवाणी पळा, अबेबे बिकिला अनवाणीच ऑलिंपिक जिंकला. दुखलं तरी पळत राहा, पाय आपोआप घट्ट होतो.

मला हा मेसेज तिघांनी पाठवला. त्यातल्या एकाचा पाय तेव्हा प्लास्टरमध्ये होता. त्याच्याकडे येतोच.

आधी इथिओपियाचा धावपटू बिकिला, कारण सगळ्यांना तोच आवडतो. 1960 साली रोमची मॅरेथॉन तो अनवाणी पळाला आणि जिंकला, हे खरं. चार वर्षांनी टोकियोत बूट घालून पळाला, पुन्हा जिंकला, आणि रोमपेक्षा तीन मिनिटं कमी घेतली. हा उत्तरार्ध मेसेजमध्ये कधी नसतो. शिवाय त्याच्या तळव्यांना सवय होती. आपण मात्र वीस-तीस वर्षं बुटात वाढलेला पाय एका रविवारी थेट डांबरी रस्त्यावर सोडतो. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेहमी पळणाऱ्यांना दहा आठवड्यांत हळूहळू पातळ तळाच्या बुटांवर आणलं होतं. त्या गटातल्या 19 पैकी 10 जणांच्या पायाच्या हाडांत एमआरआयवर सूज वाढलेली दिसली. हळूहळू करूनही! पाय घट्ट होतो, पण हाडाला स्नायूंपेक्षा जास्त वेळ लागतो.

आता ते ‘वाढलेलं हाड’. एक्स-रेत टाचेखाली काटा दिसला की माणूस घाबरतो. पण तसा काटा असलेल्या कितीतरी जणांना काहीच दुखत नाही, आणि टाच दुखणाऱ्या कितीतरी जणांना काटाच नसतो. बहुतेकदा दुखतो तो टाचेपासून बोटांकडे ताणलेला जाड पट्टा, प्लांटर फॅसिया. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकताना जीव जातो, थोडं चाललं की सैल होतं. उलट, टाच दोन्ही बाजूंनी धरून दाबल्यावर कळ आली तर संशय हाडालाच बारीक तडा गेल्याचा. पहिल्या दुखण्यात पोटरी आणि तळपायाला हळूहळू जास्त काम द्यायचं, दुसऱ्यात पायावरचा भार काढायचा. दुखणं एकाच जागी, उपाय उलटे.

‘दुखलं तरी पळत राहा’ हे वाक्य मात्र मला सगळ्यात धोकादायक वाटतं, आणि इथेच प्लास्टरवाला मित्र येतो. त्याला पायाच्या वरच्या बाजूला, घोट्याच्या थोडं पुढे मोघम दुखायचं. सूज नाही, एक्स-रे स्वच्छ. मग काय, दोन महिने दुखणं अंगावर काढलं. शेवटी पोडियाट्रिस्टकडे, म्हणजे पायाच्या डॉक्टरकडे, गेला. तिने आधी पायाला हातच लावला नाही. बूट उलटे करून झिजलेले तळ पाहिले. आठवड्याला किती किलोमीटर पळतोस, ते कधी वाढवले, वजन कमी करायला जेवण तोडलंस का, असं विचारत बसली. मग अंगठ्याने पायाच्या मध्यावर नाण्याएवढी एक जागा दाबली, आणि हा टेबलावरून उडाला.

तिथे नॅव्हिक्युलर नावाचं नावेच्या आकाराचं हाड असतं. त्याच्या मधल्या भागाला रक्त कमी पोचतं, म्हणून तिथला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने गेलेला बारीक तडा, चिवट. साध्या एक्स-रेत तो बहुधा सुटतो. एमआरआय किंवा सीटीत सापडतो. याला सहा आठवडे प्लास्टर, आणि पायावर तोळाभरही वजन टाकायचं नाही. तडा आणखी फाकला असता तर स्क्रू घालायची वेळ आली असती. जेवणाचा प्रश्नही उगाच नव्हता: कमी खाऊन जास्त पळणाऱ्यांची हाडं लवकर दमतात, आणि बायकांमध्ये पाळी चुकायला लागणं हा त्याचा ठळक इशारा.

इनसोलबद्दल मात्र मेसेज लिहिणाऱ्याला मी निम्मे गुण देतो. टाचदुखीवर मापाने बनवलेले इनसोल आणि दुकानातले तयार, यांची तुलना झालेली आहे. वर्षभरानंतर फारसा फरक राहिला नाही. अमेरिकी सैन्यात नव्या भरतीच्या जवानांना पायाच्या कमानीप्रमाणे बूट देऊन पाहिले, दुखापती कमी झाल्या नाहीत. तेव्हा पहिल्याच भेटीत, काही न विचारता, कुणी मापाच्या इनसोलची चिठ्ठी लिहू लागला तर खुशाल उठून या. चांगला माणूस इनसोल देतो तो एखाद्या दुखऱ्या जागेवरचा भार काही दिवस दुसरीकडे वळवायला, आणि कधी काढायचा तेही सांगतो.

बाकी प्रतिबंधाचं काम फार साधं असतं, फोटो काढण्यासारखं काही नाही. नखं सरळ कापा, कोपरे कोरू नका. बुटात बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवा, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. वेग आणि अंतर एकाच आठवड्यात वाढवू नका. आणि पोटऱ्या कमवा. मित्राबरोबर गेलो होतो तेव्हा त्या पोडियाट्रिस्टने मलाही भिंतीला बोटं टेकवून एका पायावर टाच उचलायला लावलं. पंचवीस वेळा जमायला हवं, म्हणाली. उजव्या पायावर बावीस झाले. डाव्यावर नऊ. तोच माझा दर पावसाळ्यानंतर दुखणारा पाय.