डिझेल गाडी घ्यायचीय? आधी पक्ष निवडा

डिझेल गाडी घ्यायची ठरली ना, मग पहिलं काम म्हणजे स्वदेशी की विदेशी ते ठरवा, अ‍ॅव्हरेज, सर्व्हिस, रिसेल हे सगळं नंतर बघता येतं, ग्रुपवर भांडायला पक्ष आधी लागतो.

स्वदेशी असाल तर 1998 च्या इंडिकापासून सुरू करा. पिंपरीत बनली, पहिली पूर्ण भारतीय कार, डिझेलवर पळायची, छाती फुगवूनच सांगायचं. तिचं रूप इटलीतल्या तुरीनच्या आयडिया नावाच्या कंपनीकडून घडवून घेतलं होतं हे मात्र समोरच्याने विचारल्याशिवाय बोलू नका (सहसा कोणी विचारत नाही).

विदेशी असाल तर जरा मान वर करून म्हणा, "टाटा टॅक्सीवाल्यांची, आपण स्विफ्ट डिझेल घेणार, जपानी इंजिन आहे बाबा!" हे वाक्य जोरात म्हणायचं, कारण ते इंजिन जपानी नव्हतं. 2007 पासून स्विफ्टमध्ये 1248 सीसीचं फियाटचं मल्टिजेट, मारुतीने लायसन घेऊन बनवलेलं. तेच डिझायरमध्ये, तेच रिट्झमध्ये. आणि ज्या टाटाला नावं ठेवत होता त्या इंडिका व्हिस्टामध्ये पण तेच, फक्त नाव क्वाड्राजेट, बनायचं आपल्या रांजणगावला. शेवरोलेची 'सेल' नावाची गाडी घेऊन अमेरिकन व्हायला गेलात तरी बॉनेटखाली हेच. एकाच कढईतली आमटी, वाट्या तेवढ्या वेगळ्या, आणि आपण भांडतोय वाटीवरून! बिचाऱ्या फियाटची स्वतःची पुंटो मात्र कोणी घेईना, सर्व्हिस कुठे मिळते ते माहीत नाही म्हणे.

कोण म्हणेल की तेव्हा डिझेल खपलं ते इंजिनमुळे नाही, भावामुळे. त्याला लगेच ग्रुपमधून काढा. जून 2010 ला सरकारने पेट्रोलचा भाव मोकळा सोडला, डिझेलचा सोडला ऑक्टोबर 2014 ला, मधली चारेक वर्षं शेतकरी आणि ट्रकवाल्यांच्या नावाने स्वस्त ठेवलेलं तेल आपण पुण्यात कोथरूड ते डेक्कन जाळलं. त्या स्वस्त तेलापायी होंडानेसुद्धा 2013 ला अमेझमध्ये डिझेल घातलं, इतकी वर्षं पेट्रोलचाच जप करून. रोज दहा किलोमीटर जाण्यासाठी लाखभर जास्त मोजायचे हे गणित घरी मांडू नका, बायको हुशार असते.

तळेगावला कारखाना थाटलेल्या, शेवरोलेवाल्या जनरल मोटर्सने 2017 ला इथली विक्री थांबवली, मारुतीने बीएस6 म्हणजे धुराचे नवे कडक नियम बघून एप्रिल 2020 ला डिझेल सोडलं, फोर्डने 2021 ला गाशा गुंडाळला. स्वदेशीवाल्यांनी इथे फटाके फोडावेत, पण फोडून झाल्यावर टाटाच्या हॅरियरचं बॉनेट उघडू नये. आत 1956 सीसीचं क्रायोटेक म्हणजे परत फियाटचंच मल्टिजेट, तेच अमेरिकन जीप कंपासमध्ये, तेच 2019 ला एमजी या ब्रिटिश नावाच्या चिनी मालकाच्या हेक्टरमध्ये.

तर पक्ष ठरला असेल तर सांगा, कुठल्या शोरूमला जायचं, टोकन मी भरतो, पैसे तुमचे.