नोंदणी क्रमांकाने सगळं सिद्ध होत नाही

आमच्या लातूरच्या डॉक्टर मंडळींच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: 'कौन्सिलने नोंदणी दिली, म्हणजे डॉक्टर तपासून झाला. रुग्णालयाने पुन्हा कागद मागणं, कोणती ऑपरेशनं करायची ते ठरवून देणं हा अपमान आहे. व्हिजिटिंग डॉक्टरची जबाबदारी त्याची तो बघेल. हुशार माणूस जरा तापट असतोच. असले नियम लावाल तर मराठवाड्यात कुणी येणार नाही.' मी भूलतज्ज्ञ आहे आणि एका ट्रस्टच्या रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षकाचं काम पाहते. मला यातलं काहीच पटत नाही.

नोंदणी कायमची नसते. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, म्हणजे मेसेजमधल्या त्या कौन्सिलकडे, दर ५ वर्षांनी ३० क्रेडिट पॉइंट (पुढचं शिक्षण चालू ठेवल्याचे गुण) दाखवून तिचं नूतनीकरण करावं लागतं, आणि परिषद ती रद्दही करते. परळीच्या स्त्रीभ्रूणहत्या प्रकरणात २०१९ मध्ये शिक्षा झालेला डॉक्टर २०२० मध्ये पुन्हा दवाखाना चालवताना सापडला, हे बीड जिल्हा विसरलेला नाही. म्हणून आम्ही झेरॉक्सवर विसंबत नाही, परिषदेकडे क्रमांक पडताळतो. मागे एका चांगल्या, अनुभवी सर्जनची मुदत संपलेली निघाली. त्यांच्या स्वतःच्याही ध्यानात नव्हतं. अपमान कसला? त्यांनी आभार मानले.

आता ऑपरेशनांच्या यादीचं. नोंदणीवरून माणूस डॉक्टर आहे एवढं कळतं. दुर्बिणीतून पित्ताशय काढायला त्याचा हात बसलाय का, हे कळत नाही. टेबलाच्या डोक्याकडे उभं राहून मी अनेक वर्षं हे पाहतेय. सर्जन अडखळायला लागला की भूल लांबते, रक्त मागवावं लागतं, आणि पित्तनलिकेला इजा झाली तर रुग्णाचं पुढचं सगळं आयुष्य पालटतं. त्यामुळे गेल्या वर्षभरात कोणती ऑपरेशनं किती केली, गुंतागुंत किती झाली, हे आम्ही विचारतो आणि त्यावरून यादी ठरवतो. यात रुग्णालयाचीही परीक्षा असते. पुण्यात रोज होणारं ऑपरेशन आमच्याकडे करायचं तर रात्री दोन वाजता रक्त मिळेल का, व्हेंटिलेटरपाशी प्रशिक्षित सिस्टर असेल का, हे आधी बघावं लागतं. नसेल, तर सर्जन कितीही निष्णात असो, ते ऑपरेशन आमच्या यादीत येत नाही.

जबाबदारीचा मुद्दा तर सर्वोच्च न्यायालयाने सविता गर्ग खटल्यात २००४ मध्येच निकाली काढला: डॉक्टर पगारी असो वा बाहेरून येणारा, रुग्णालयाला हात झटकता येत नाहीत.

तापटपणाचं मला जास्त लागतं. ज्या सर्जनने काल सगळ्यांसमोर सिस्टरला झापलं, त्याला आज 'सर, एक मॉप कमी भरतोय' असं सांगायला तिची जीभ रेटत नाही. तो मॉप, म्हणजे रक्त टिपायचा कापडाचा तुकडा, रुग्णाच्या पोटात राहतो. वर्तणुकीच्या तक्रारी आम्ही लेखी घेतो, दोन्ही बाजू ऐकतो, मग समिती ठरवते. लैंगिक छळाची तक्रार असेल तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती आहेच. तिथे सीनियर-ज्युनियर चालत नाही.

राहता राहिलं डॉक्टर न येण्याचं. गेल्या पावसाळ्यात एका विश्वस्तांच्या पाहुण्याचं मणक्याचं ऑपरेशन इथेच करा, असा फार आग्रह झाला. बाहेरगावाहून येणाऱ्या आमच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी खिशातून यादी काढून टेबलावर ठेवली. "साहेब, हे माझ्या यादीत नाही." रुग्ण त्याच रात्री सोलापूरला गेला. ते डॉक्टर अजूनही दर गुरुवारी येतात.