‘अमेरिकन सायको’ अर्धवट ठेवणाऱ्यांच्या बाजूने

ब्रेट ईस्टन एलिसची ‘अमेरिकन सायको’ कुणी मधेच मिटून ठेवली की त्याला हमखास ऐकवलं जातं, ‘अरे, ती उपहासात्मक आहे, तुला कळलीच नाही.’ हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता त्यावर सविस्तर लिहायलाच हवं. आमच्या वाचनकट्ट्यात मध्यंतरी एका मैत्रिणीने ही कादंबरी निम्म्यावर सोडल्याचं सांगितलं, तर लगेच दोघातिघांनी तिला ब्लॅक कॉमेडी म्हणजे काय हे समजावायला घेतलं. ती म्हणाली, ‘विनोद कळला. खूप हसले मी. म्हणूनच पुढचं वाचवेना.’ या कादंबरीवरची इतकी नेमकी प्रतिक्रिया मी कुठल्या समीक्षेत वाचलेली नाही.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. न्यूयॉर्क, ऐंशीचं दशक सरत आलेलं. पॅट्रिक बेटमन हा वॉल स्ट्रीटवरचा 26 वर्षांचा देखणा, घरचाच गडगंज असलेला तरुण. तो ऑफिसला जातो, पण काम करताना जवळजवळ दिसतच नाही. व्यायाम करतो, चेहऱ्याला नाना प्रकारची क्रीमं लावतो, रात्री मित्रांबरोबर महागड्या रेस्टॉरंटांत टेबल मिळवण्यासाठी जिवाचा आटापिटा करतो. आणि माणसं मारतो. निदान आपल्याला तो तसं सांगतो. जवळपास सगळी कादंबरी त्याच्याच तोंडची आहे, वर्तमानकाळात.

विनोद म्हणाल तर पानोपानी आहे. व्हिजिटिंग कार्डांचा प्रसंग सिनेमामुळे सगळ्यांना ठाऊक झालाय. चार मित्र एकमेकांना आपापली नवी कार्डं दाखवतात आणि दुसऱ्याच्या कार्डाचा कागद, त्यावरची अक्षरं आपल्यापेक्षा सरस निघाली म्हणून बेटमन आतून कोसळतो. डोर्सिया नावाच्या रेस्टॉरंटमध्ये टेबल मिळणं हे त्याचं आयुष्यातलं अपुरं स्वप्न. डोनाल्ड ट्रम्प हे त्याचं दैवत. 1991 मध्ये छापलेल्या पुस्तकातलं हे दैवत आज वाचताना वेगळंच वाटतं. या सगळ्या तरुणांचे सूट सारखे, केस सारखे, चष्मे सारखे, त्यामुळे कुणी कुणाला धड ओळखतच नाही. त्यांच्यातलाच पॉल ओवेन बेटमनला शेवटपर्यंत मार्कस हॅलबरस्टाम नावाचा दुसराच कुणी समजत राहतो, आणि तशाच समजुतीत बेटमनच्या हातून मरतो. जेनेसिस, व्हिटनी ह्यूस्टन, ह्यूई लुईस यांच्या गाण्यांवर अख्खी प्रकरणं आहेत. कुठल्या अल्बममधलं कुठलं गाणं किती परिपक्व आहे, याचं बेटमन मन लावून विवेचन करतो. अंगावर काटा आणणारी पानं उलटावीत आणि पुढे हे विवेचन यावं, अशी ही रचना आहे.

कादंबरीत एकही माणूस कपड्यांच्या यादीशिवाय आत येत नाही. कोट कुणाचा, टाय कुणाचा, बूट कुणाचे. सुरुवातीला आपण या याद्या वाचून हसतो, मग कंटाळतो, मग नुसती नजर फिरवून पुढे जातो. पहिला उघड हिंसक प्रसंग येईपर्यंत पुस्तकाचा बराच भाग संपलेला असतो. रस्त्यावर बसलेला एक बेघर माणूस आणि त्याचा कुत्रा. बेटमन आधी त्याच्याशी बोलतो, तू नोकरी का करत नाहीस असं विचारतो, आणि मग जे करतो ते मला इथे लिहायचं नाही. पण शर्टाचं कापड ज्या आवाजात सांगितलं, त्याच आवाजात तो हे सांगतो. शब्द तितकेच तपशीलवार, स्वर तितकाच सपाट. या आवाजाला हसायची सवय लेखकाने आपल्याला आधीच लावलेली असते, त्यामुळे हसू त्या परिच्छेदाच्या पहिल्या एक-दोन ओळींपर्यंत आपल्यासोबत येतं आणि तिथे घशात अडकतं. माझी मैत्रीण नेमकं हेच म्हणत होती. तिथे पुस्तक मिटणारा वाचक कादंबरीच्या बाहेर राहिलेला नसतो. तो अगदी आत पोचलेला असतो.

पुढच्या भागात बायकांवरचे अत्याचार इतके तपशिलाने येतात की ती पानं मी स्वतः गाळली, आणि पुन्हा वाचली तेव्हाही गाळली. मला त्याचं काहीही वाटत नाही. तो तपशील आवश्यक आहे असं मानणाऱ्यांचा युक्तिवाद मला समजतो. वाचकाला सुखासुखी हसत पुढे जाऊ द्यायचं नाही, असा तो युक्तिवाद आहे. पण मग ज्याला खरंच पुढे जाता आलं नाही त्याच्यावर पुस्तकाचा हवा तोच परिणाम झाला, हेही मान्य करायला हवं. दोन्हीकडून बोलता येणार नाही.

या पुस्तकावरच्या प्रतिक्रियांचा इतिहास पुस्तक बाजारात येण्याआधीच सुरू होतो. सायमन अँड शुस्टर या प्रकाशनसंस्थेने एलिसला 3 लाख डॉलर आगाऊ दिले होते. छपाईची तयारी झाली होती. ‘टाइम’ आणि ‘स्पाय’ या नियतकालिकांनी हस्तलिखितातले सगळ्यात भीषण उतारे छापले, संस्थेच्या आतूनही नाराजी होतीच, आणि नोव्हेंबर 1990 मध्ये, प्रकाशन अगदी तोंडावर आलेलं असताना, संस्थेने पुस्तक सोडून दिलं. काही दिवसांतच ते उचललं सनी मेहतांनी. दिल्लीत जन्मलेला हा माणूस तेव्हा न्यूयॉर्कमध्ये नॉफ या प्रकाशनसंस्थेचा प्रमुख होता. मार्च 1991 मध्ये व्हिंटेजच्या पेपरबॅक मालिकेत त्यांनी कादंबरी आणली. एका भारतीय संपादकाच्या हिमतीवर हे पुस्तक उभं राहिलं, याची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही. व्हायला हवी असं मला वाटतं, कारण त्यानंतरचा मारा त्यांनाही झेलावा लागला.

नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन या संघटनेच्या लॉस एंजेलिस शाखेने, टॅमी ब्रूस यांच्या पुढाकाराने, प्रकाशकाच्या पुस्तकांवर बहिष्कार पुकारला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पुस्तक पुरवणीत रॉजर रोझेनब्लॅट यांनी डिसेंबर 1990 मध्येच, म्हणजे पुस्तक दुकानात यायच्या तीन महिने आधी, त्याचे वाभाडे काढले. लेखकाला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. धमक्यांचं समर्थन कुणीच करणार नाही, मीही करत नाही.

पण बहिष्कार पुकारणाऱ्या बायकांना आज जे हसलं जातं ते मला अजिबात पटत नाही. ‘त्यांना उपहास कळला नाही’ हे वाक्य इथेही पुन्हा येतंच. त्यांच्यासमोर काय होतं ते आधी बघा. त्यांच्यातल्या बहुतेकींच्या हाती बहुधा फक्त ते उतारेच आले असावेत. कार्डांचा प्रसंग नव्हता, डोर्सिया नव्हतं, व्हिटनी ह्यूस्टनवरचं प्रकरण नव्हतं. हशा काढून घेतला तर खाली जे उरतं तेवढंच त्यांना दिसलं, आणि जे दिसलं त्यावर त्या बोलल्या. शिवाय बहिष्कार म्हणजे सरकारी बंदी नव्हे. हे पुस्तक आम्ही विकत घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका, असं म्हणण्याचा वाचकाला पूर्ण हक्क आहे. त्याच वेळी फे वेल्डन या ब्रिटिश कादंबरीकार बाई पुस्तकाच्या बाजूने जाहीरपणे उभ्या राहिल्या होत्या, तेव्हा बायका एकीकडे आणि पुरुष दुसरीकडे असंही ते चित्र नव्हतं.

नॉर्मन मेलर यांनी मार्च 1991 च्या ‘व्हॅनिटी फेअर’मध्ये यावर मोठा लेख लिहिला. पुस्तक दडपू नये, पण ते पुरेसं चांगलंही नाही, असा त्यांचा एकूण सूर. इतकी हिंसा दाखवायची तर खुन्याच्या मनात खोल उतरायला हवं होतं, एलिस आपल्याला बेटमनच्या आत नेतच नाही, ही त्यांची मुख्य तक्रार. मेलर मोठे लेखक होते, पण इथे मला ते चुकले असं वाटतं. बेटमनच्या आत न्यायला काही नाहीच, ते तो स्वतःच सांगतो. बालपणीचा आघात, क्रूर बाप, कुठलंही कारण दिलं असतं तर आपण सुटकेचा श्वास सोडला असता, कारण कळलं की माणूस निर्धास्त होतो. एलिसने ती सोय ठेवली नाही. विनोदाचा उगमही तिथेच आहे आणि भीतीचाही.

सरकारं मधे पडली तेव्हा काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. जर्मनीत 1995 पासून 2000 पर्यंत हे पुस्तक अल्पवयीनांसाठी घातक पुस्तकांच्या यादीत होतं. ऑस्ट्रेलियात ते 18 वर्षांखालच्यांना विकता येत नाही आणि दुकानात प्लॅस्टिकच्या वेष्टनातच ठेवावं लागतं. 2015 मध्ये अॅडलेडच्या एका दुकानात वेष्टनाशिवाय प्रती दिसल्या म्हणून एका ग्राहकाने तक्रार केली आणि चक्क पोलीस आले. मला हे अत्यंत चुकीचं वाटतं. आपल्याकडे चंद्रकांत काकोडकरांच्या ‘शामा’ या कथेवरून, ती ‘रंभा’च्या 1962 च्या दिवाळी अंकात आली तेव्हापासून, खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. 1969 च्या निकालात न्यायालयाने कथा अश्लील नसल्याचं सांगितलं, आणि ती फार उच्च दर्जाची नसेल हेही नोंदवलं. वाङ्मयीन मत एका बाजूला आणि परवानगी दुसऱ्या बाजूला, इतकं साधं हे आहे. ‘हे मला वाचवत नाही’ असं म्हणणारा माणूस ‘हे कुणीच वाचू नये’ असं म्हणत नसतो. आपल्या चर्चांत मात्र पहिलं वाक्य उच्चारणाऱ्याला दुसऱ्या वाक्याची शिक्षा मिळते.

2000 साली मेरी हॅरन यांनी सिनेमा केला. पटकथा त्यांनी आणि ग्विनेव्हियर टर्नर यांनी मिळून लिहिली, दोघीही बाया. त्यांनी बरीचशी हिंसा पडद्याबाहेर ठेवली आणि विनोदाला जागा करून दिली. क्रिश्चन बेलचं काम अफाट आहे. मला सिनेमा फार आवडतो. पण तेव्हापासून कादंबरीकडे येणारा वाचक सिनेमातलं हसू घेऊन येतो आणि पुस्तकात वेगळ्याच ठिकाणी जाऊन पडतो. ‘सिनेमा पाहिलाय, मला माहितीय काय आहे ते’ असं म्हणून पुस्तक घेणाऱ्यांना मी आधीच सावध करते. अजिबात माहिती नाहीये तुम्हाला.

सिनेमामुळे आणखी एक प्रतिक्रिया जन्माला आली, आणि मला खरी काळजी तिची वाटते. बेटमनचा चेहरा, त्याची सकाळची क्रीमं, त्याचा व्यायाम, हेडफोन लावून ऑफिसात शिरतानाची चाल, हे तुकडे रील्समध्ये फिरत असतात. खाली पोरं अभिमानाने लिहितात, ‘हा मीच.’ काही जण गंमत करत असतात हे मला कळतं. सगळे करत नसतात. माझ्या ओळखीतल्या एका विशीतल्या मुलाने मला अगदी मनापासून सांगितलं की बेटमनकडे शिस्त आहे, त्याला कुणाची गरज नाही, बायकांच्या मागे तो लागत नाही. मी त्याला म्हटलं, अरे, या माणसाला एका रेस्टॉरंटात टेबल मिळत नाही म्हणून घाम फुटतो, मित्राचं कार्ड बघून त्याला चक्कर येते, त्याच्याइतकी दुसऱ्यांची गरज कुणालाच नाही. त्याने पुस्तक वाचलं नव्हतं. पूर्ण सिनेमाही पाहिला नव्हता. आता सांगा, या कादंबरीचा विनोद कुणाला कळला नाही? निम्म्यावर पुस्तक ठेवणाऱ्या माझ्या मैत्रिणीला, की या मुलाला? आणि तरी ज्ञान पाजळलं जातं ते तिच्यापुढे.

आणखी एका वाचनाबद्दल लिहायलाच हवं, कारण ते फार लोकप्रिय आहे: हे खून झालेच नाहीत, सगळं बेटमनच्या डोक्यात आहे. पुस्तकात त्याला आधार आहे. एका ठिकाणी एटीएमचं यंत्र त्याला ‘मला मांजर खायला घाल’ म्हणतं, म्हणजे तो जे सांगतो त्यावर किती विसंबायचं हा प्रश्न आहेच. पण बरेच वाचक या वाचनाचा उपयोग सुटकेसाठी करतात. काही घडलंच नाही, मग आपण कशाला अस्वस्थ व्हायचं. मला हे पटत नाही. पानावरचं आपण वाचलेलं असतं, ते त्याच्या डोक्यात घडलं की प्रत्यक्षात, याने आपल्या वाचण्यात काय फरक पडतो?

माझ्या दृष्टीने सगळ्यात भयानक प्रकरण शेवटाकडे येतं आणि त्यात रक्ताचा थेंबही नाही. बेटमनने आपल्या वकिलाच्या, हॅरॉल्ड कार्न्सच्या, फोनवर सगळ्या खुनांची कबुली ध्वनिमुद्रित करून ठेवलेली असते. पुढे दोघं समोरासमोर भेटतात. कार्न्स त्याला भलत्याच कुणीतरी समजतो, ती कबुली ऐकून आपण किती हसलो ते सांगतो, आणि म्हणतो, थट्टा छान होती, पण बेटमनसारख्या बावळट माणसाच्या नावावर ती खपण्यासारखी नव्हती. वर पॉल ओवेनबरोबर लंडनमध्ये आपण जेवलो असंही सांगतो, आणि त्याने ओवेन म्हणून कुणाला पाहिलं हे कुणीच सांगू शकत नाही. ओवेनच्या रिकाम्या घराचं तसंच. बेटमन तिथे परत जातो तेव्हा घर झकपक साफ असतं, फुलं ठेवलेली असतात, आणि घर विकायला आलेली बाई त्याला फक्त एवढंच सांगते की इथून जा, तमाशा करू नकोस. तिला काय माहीत आहे? घराची किंमत पडू नये म्हणून तिने काय काय पुसलं असेल? मी हे पान तीनचारदा मागे जाऊन वाचलं. माणूस ओरडून कबुली देतोय आणि सगळं शहर त्याला विनोद समजून पुढे निघून जातंय. कार्न्सचं हसणं ऐकलं की ‘तुला विनोद कळला नाही’ म्हणणाऱ्यांचं मला आठवतं, आणि त्यांनी हे प्रकरण पुन्हा वाचावं असं फार वाटतं.

म्हणून आमच्या कट्ट्यावर मी एक सुचवलंय. पुढच्या खेपेला या कादंबरीवर बोलताना आधी त्यांना बोलू द्यायचं ज्यांनी ती पुरी केली नाही. कुठल्या प्रकरणापर्यंत हसू येत होतं, कुठे थांबलं, पुस्तक मिटल्यावर ते घरात कुठे ठेवलं (आमच्यातल्या एकीने कपाटात मागच्या रांगेत सरकवलं, मुलांच्या हाती लागू नये म्हणून), पुन्हा उघडावंसं वाटलं का. पुरी करणाऱ्यांनी तोवर ऐकायचं. इथेही ज्यांनी वाचलीय त्यांनी लिहा, कुठल्या पानावर थांबलात ते. ज्यांनी शेवटपर्यंत वाचली त्यांनी घर विकणाऱ्या त्या बाईबद्दल काय वाटलं ते जरूर सांगा, माझं तिच्याबद्दल अजून मत ठरलेलं नाही.