एकच वाटण, तरी भाज्या एका चवीच्या का होत नाहीत

नमस्कार काकू,

कांदा-खोबऱ्याचं वाटण एकदाच करून ठेवावं आणि वेगवेगळ्या भाज्यांना वापरावं, असं मी लिहिलं, त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. आठवडाभर फ्रीजमध्ये ठेवलेलं वाटण म्हणजे शिळंच. एकच वाटण घातलं की मटकीची उसळ काय नि अंडाकरी काय, सगळं एका चवीचं. आणि कोकणात वाटण ओल्या खोबऱ्याचंच असतं. हे प्रश्न बऱ्याच जणींना पडतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी चवीचं. वाटणातच गरम मसाला, तिखट, मीठ, कोथिंबीर घालून ठेवलं तर तुम्ही म्हणता तसंच होतं. म्हणून साठवायच्या वाटणात मी कांदा, सुकं खोबरं, आलं आणि लसूण एवढंच घेते. त्याने रस्सा दाट होतो, खरपूस गोडसर चव येते. पुढची भाजी ठरते ती फोडणीवर, मसाल्यावर आणि आंबट काय घालता त्यावर. मटकीला कांदा-लसूण मसाला घाला. भरल्या वांग्याला गोडा मसाला, दाण्याचं कूट, चिंच-गूळ. अंड्यांना मालवणी मसाला आणि दोन आमसुलं. या तिन्हींत वाटण एकच आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही. आणि ते सगळ्यात घालायचंही नसतं. मेथी, लाल माठ, साधं वरण यांत वाटण घातलं तर त्या पदार्थाचा स्वाद मरतो. इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे.

आता शिळेपणाचं. वाटण बिघडतं ते मुख्यतः पाण्यामुळे, आणि कांद्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणीच असतं. त्यामुळे सगळी मेहनत ते पाणी काढण्यात आहे. अर्धा किलो कांद्याला एक वाटी किसलेलं सुकं खोबरं, १०-१२ लसूण पाकळ्या, इंचभर आलं. खोबरं आधी वेगळं, मंद आचेवर भाजायचं आणि बदामी झालं की लगेच ताटात काढायचं, गरम कढईत राहिलं तर करपतं. कांदा उभा चिरून, झाकण न ठेवता, थोड्या तेलात चांगला तांबूस होऊ द्यायचा. घाईने मोठ्या आचेवर परतला तर कडा जळतात, आत कच्चा राहतो आणि वाटण कडवट होतं. मिक्सरमध्ये खोबरं आधी कोरडंच फिरवा, मग बाकीचं घाला. पाणी घालू नका.

यापुढची पायरी बऱ्याच जणी गाळतात. वाटलेला गोळा पुन्हा तेलात परतायचा. सुरुवातीला तो फसफसतो, अंगावर शिंतोडे उडतात. परतत राहिलं की आवाज हळूहळू बसतो, रंग गडद होतो, गोळा कढईच्या कडा सोडतो आणि बाजूने तेल दिसू लागतं. तेव्हाच गॅस बंद करायचा. गार झालं की काचेच्या कोरड्या बरणीत भरून फ्रीजमध्ये, घेताना चमचाही कोरडा. ४-५ दिवस छान राहतं. त्याहून जास्त ठेवायचं तर बर्फाच्या ट्रेमध्ये वड्या करून फ्रीझरला ठेवा. पण हे ओट्यावर कधीही ठेवू नका. वर तेलाचा थर असला तरी नाही, कारण लसणीच्या ओलसर वाटणात हवा न मिळणाऱ्या जागीही घातक जंतू वाढू शकतात, आणि ते वासावरून कळेलच असं नाही. खोबऱ्याची मात्र परीक्षा नाकाने होते. साबणासारखा वास आला तर ते खवट, कितीही भाजलं तरी सुधारत नाही.

ओल्या खोबऱ्याचं तुमचं म्हणणं किनारपट्टीपुरतं बरोबर आहे. नारळ दारात असताना सुकं कोण शोधेल? घाटावर मात्र पूर्वीपासून भर सुक्या खोबऱ्यावरच, ते टिकतं म्हणून. ओल्या खोबऱ्याचं वाटण साठवायला मी कधीच सांगणार नाही. त्यात पाणी फार, ते लवकर आंबूस होतं, त्या दिवसापुरतंच वाटावं. पण काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याला कोकणातही खोबरं आणि कांदा चांगला गडद भाजूनच घेतात ना? तिथे ओलं खोबरं भाजून वापरायचं की सुकं, यावर मालवणच्या मैत्रिणींची मतं वेगवेगळी आहेत. तुमच्याकडे काय घेतात आणि किती काळपट भाजतात, ते जरूर लिहा.