प्रकाश प्रदूषण फ्लॅटने जात नाही

काल भाचीने मला एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, मग मी माझे फ्लॅट पुन्हा काढू का?" अजिबात नको. शहरातून लाइव्ह स्टॅकिंग करणाऱ्यांमध्ये, म्हणजे दुर्बिणीला कॅमेरा लावून एकाच लक्ष्याचे अनेक छोटे फोटो (फ्रेम) तिथल्या तिथे एकमेकांवर जोडणाऱ्यांमध्ये, हा मेसेज सध्या जोरात फिरतोय. त्यात म्हटलंय: लक्ष्याशेजारच्या रिकाम्या आकाशाचे फ्लॅट (ज्याने मूळ फोटोला भागतात तो एकसारख्या उजेडाचा फोटो) घ्या, प्रकाश प्रदूषण त्यातच निघून जाईल, फ्रेम वाढत गेल्या की ग्रेडियंट, म्हणजे चित्राच्या एका बाजूकडून दुसरीकडे बदलत जाणारा आकाशाचा उजेड, आपोआप विरतो, बॅकग्राउंड काढण्याची सेटिंग कायम कमाल ठेवा, ड्युअल बँड फिल्टर (प्रकाशाचे दोनच अरुंद पट्टे आत सोडणारी काच) कधीच काढू नका, आणि एक्सपोजर जितकं लांब तितकं चांगलं. यातला पहिला सल्ला सर्वांत घातक, कारण त्याने खराब झालेलं चित्र दिसायला छान दिसतं. म्हणून त्याचा समाचार आधी.

फ्लॅट कशासाठी घेतात? दुर्बिणीतला प्रकाश सेन्सरच्या कोपऱ्यांपर्यंत पूर्ण पोचत नाही, शिवाय काचेवर धुळीचे ठिपके असतात. कोपऱ्यात ८० टक्केच प्रकाश पोचत असेल तर तिथलं आकाशही ८० टक्के नोंदलं जातं आणि ताराही. ही गुणाकाराची तूट आहे, फ्लॅटने भागलं की दोन्ही भरून निघतात. प्रकाश प्रदूषण हा प्रत्येक पिक्सेलमध्ये वरून मिसळलेला जादा प्रकाश आहे. त्याने ताऱ्याकडून येणारा प्रकाश कमीही होत नाही आणि वाढतही नाही. जे बेरजेने आलं ते वजाबाकीनेच काढावं लागतं.

आकडे घालून पाहा. चित्राच्या डाव्या बाजूला आकाश १०००, उजव्या बाजूला शहराच्या उजेडामुळे १२००. दोन्हीकडे सारख्याच तेजाचा एकेक तारा, आकाशाच्या वर ५००. म्हणजे डावीकडे एकूण १५००, उजवीकडे १७००. आता मेसेजप्रमाणे त्याच आकाशाचा फ्लॅट घेतला. त्यात डावीकडे १.० आणि उजवीकडे १.२ येणार. भागाकारानंतर आकाश दोन्हीकडे १०००, एकदम सपाट. पण उजवीकडचा तारा ५०० चा ४१७ झाला. सुमारे ०.२ प्रतीची (प्रत म्हणजे ताऱ्यांचं तेज मोजायचं एकक; आकडा लहान तितकं तेज जास्त) चूक, आणि तीही चित्रात जागेनुसार बदलणारी. दीर्घिकेचा एक हात दुसऱ्यापेक्षा फिका दिसेल आणि तो खरंच तसा आहे असं नवशिक्याला वाटेल. चलताऱ्यांची, म्हणजे तेज बदलणाऱ्या ताऱ्यांची, तेजमापनं करणाऱ्याची तर रात्रच वाया. त्याऐवजी उजवीकडून २०० वजा केले असते तर दोन्ही तारे ५०० च राहिले असते.

हे माझं खासगी मत नाही. सिरिल या खगोलचित्रांवर प्रक्रिया करणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरच्या अधिकृत मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय की प्रकाश प्रदूषण आणि चंद्रप्रकाशाच्या ग्रेडियंटसाठी वजाबाकी वापरा. भागाकार व्हिग्नेटिंगसारख्या (कोपरे काळवंडण्यासारख्या) परिणामांसाठी, आणि तेही खरं तर मास्टर फ्लॅटनेच, म्हणजे अनेक फ्लॅट एकत्र करून बनवलेल्या फ्लॅटनेच करावं. हे मॅन्युअल सगळ्यांना खुलं आहे. पुढे पाठवण्याआधी ते एक पान वाचलं असतं तर हा मेसेज जन्मालाच आला नसता.

एवढं मान्य करतो की आकाशाचे फ्लॅट ही गोष्ट अस्तित्वात आहे. पण ते संधिप्रकाशात घेतात, डोक्यावरच्या बिंदूपासून थोडं सूर्याच्या विरुद्ध बाजूला, जिथे आकाश सर्वांत एकसारखं उजळ असतं; आणि ट्रॅकिंग (ताऱ्यांमागे दुर्बीण फिरवणं) बंद ठेवतात, म्हणजे तारे आलेच तर सरकतात आणि सगळ्या फ्रेमचा मिडियन (मधलं मूल्य) काढताना गळून पडतात. मध्यरात्री शहराच्या झगमगाटाकडे दुर्बीण वळवून घेतलेल्या फ्लॅटशी याचा संबंध नाही. सर्वांत सोपं म्हणजे एकसारखा उजळणारा एलईडी पॅनेल, किंवा दुर्बिणीच्या नळीच्या तोंडावर ताणून बसवलेलं पांढरं कापड. फोकस आणि कॅमेऱ्याचा कोन रात्री होता तोच, हिस्टोग्राम (पिक्सेलच्या उजेडाचा आलेख) साधारण मध्यावर, २० ते ३० फ्रेम, आणि तेवढ्याच एक्सपोजरचे डार्क-फ्लॅट, म्हणजे झाकण लावून घेतलेल्या फ्रेम.

दुसरा दावा, फ्रेम वाढवल्या की ग्रेडियंट विरतो. फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होतो तो यादृच्छिक नॉईज, म्हणजे चित्रातली दाणेदार खरखर. ग्रेडियंट प्रत्येक फ्रेममध्ये जवळपास तोच असतो, त्याची सरासरी म्हणजे तोच ग्रेडियंट, फक्त जास्त स्वच्छ दिसणारा. यात अर्धसत्य एवढंच की अल्ट-अझिमथ माउंटवर (दुर्बीण फक्त वर-खाली आणि आडवी फिरवणाऱ्या स्टँडवर) चित्रातलं आकाश हळूहळू गोल फिरतं, त्यामुळे ताऱ्यांवर जुळवलेल्या स्टॅकमध्ये ग्रेडियंटची दिशा फिरत राहते आणि तो थोडा पसरतो. २० अक्षांशावर, दक्षिणेला ७० अंश उंचीवरचं लक्ष्य ताशी सुमारे ४१ अंश फिरतं. पण याचा परिणाम फायद्याचा नसतो. प्रत्येक सुट्या फ्रेममध्ये ग्रेडियंट साध्या तिरक्या पातळीसारखा होता; तो फिरवून-फिरवून जोडल्यावर वाकडातिकडा होतो आणि कडांना, जिथे काहीच फ्रेम एकमेकींवर येतात, तिथे पायऱ्या पडतात. मग तो काढायला अवघड.

म्हणून वजाबाकी प्रत्येक फ्रेमवर, स्टॅक होण्याआधी. क्रम ठरलेला: डार्क (झाकण लावून घेतलेली फ्रेम) वजा, फ्लॅटने भागाकार, डीबेयर (सेन्सरच्या कच्च्या नोंदीतून रंग बनवणं), मग ग्रेडियंट वजा, आणि नंतर जुळवणी व स्टॅक. सुट्या फ्रेमला पहिल्या घाताचं, म्हणजे सपाट तिरक्या पातळीचं मॉडेल पुरतं. लाल, हिरवा, निळा प्रत्येकाला वेगळं मॉडेल लावा, कारण शहराच्या उजेडाचा रंग सगळीकडे सारखा नसतो. एकच मॉडेल लावलं की एका कोपऱ्यात लालसर आणि समोरच्या कोपऱ्यात हिरवट छटा उरते. वजा केल्यावर आकाशाची सरासरी पातळी परत त्यात बेरीज करायला विसरू नका. नाहीतर जवळपास निम्मे पिक्सेल शून्याखाली जाऊन कापले जातात आणि त्यातली मंद माहिती कायमची गेली.

कमाल सेटिंगबद्दल. बॅकग्राउंड काढण्याची सेटिंग जितकी तीव्र तितकं मॉडेल वळणदार, आणि वळणदार मॉडेलला ग्रेडियंट आणि दीर्घिकेचा बाहेरचा धूसर भाग यांतला फरक कळत नाही. देवयानी दीर्घिका आकाशात सुमारे ३ अंश पसरलेली आहे. तिने फ्रेम भरली असताना कमाल सेटिंग लावली की बाहेरची तबकडी बॅकग्राउंड समजून वजा होते आणि भोवती काळं कडं उमटतं. कृत्तिकांभोवतीच्या निळ्या परावर्तन तेजोमेघाचं तेच होतं. लक्ष्य फ्रेमच्या एक तृतीयांशाहून मोठं असेल तर पहिल्या घाताच्या पुढे जाऊ नका. आणि एक लक्षात घ्या: वजाबाकीने उजेडाची सरासरी जाते, त्याचा नॉईज जात नाही. आकाशाचे १००० इलेक्ट्रॉन वजा केले तरी त्यांचा ३२ इलेक्ट्रॉनचा नॉईज तिथेच राहतो. आकाश दर चौरस कोनीय सेकंदाला २१ प्रतीऐवजी १८ प्रतीचं असेल तर ते सुमारे १६ पट उजळ आहे, आणि तितक्याच सिग्नल-नॉईज गुणोत्तरासाठी साधारण १६ पट वेळ लागतो. स्लायडर कितीही ओढा, हा हिशोब बदलत नाही.

फिल्टर: हायड्रोजन-अल्फा ६५६.३ आणि ऑक्सिजन-३ ५००.७ नॅनोमीटरला चमकणाऱ्या तेजोमेघांसाठी ड्युअल बँड उत्तमच. दीर्घिका आणि तारकागुच्छांचा प्रकाश मात्र सलग वर्णपटाचा असतो, तिथे तो हवा असलेला प्रकाशही अडवतो. काढून ठेवा.

एक्सपोजर: आकाशातून प्रत्येक पिक्सेलला मिळणारे इलेक्ट्रॉन रीड नॉईजच्या (सेन्सर वाचताना कॅमेरा स्वतः घालतो त्या नॉईजच्या) वर्गाच्या दहापट झाले की पुरे. रीड नॉईज १.५ इलेक्ट्रॉन असेल तर सुमारे २३ इलेक्ट्रॉन. आकाश सेकंदाला २ इलेक्ट्रॉन देत असेल तर ११-१२ सेकंद. त्यापुढे लांबवून फायदा नगण्य, तारे मात्र जळतात, म्हणजे त्यांचे पिक्सेल पूर्ण भरून नुसते पांढरे होतात.

मेसेजमध्ये जे नाहीच ते सांगतो. पुष्कळदा ग्रेडियंट आकाशाचा नसून जवळच्या दिव्याचा असतो. कॅमेरा फोकसरमध्ये (दुर्बिणीच्या ज्या भागात तो बसतो तिथे) ९० अंश फिरवा. उजळ बाजू चित्राच्या त्याच कडेला राहिली तर दोष सेन्सर किंवा कॅलिब्रेशनचा. ताऱ्यांच्या संदर्भात त्याच दिशेला राहिली तर उजेड बाहेरून येतोय. मग दिवा आणि नळी यांच्यामध्ये पुठ्ठा धरा आणि पुढची फ्रेम पाहा. ती सपाट झाली तर लांब ड्यू शील्ड (नळीच्या तोंडावर पुढे बसवायचं दव अडवणारं आवरण) लावा किंवा स्टँडची जागा बदला. न्यूटोनियन (आरशाची) दुर्बीण असेल तर आरशाकडच्या मागच्या टोकातूनही उजेड शिरतो. तिथे काळं कापड बांधा, फक्त पंख्याची हवा अडू देऊ नका. आणि कॅमेरा फिरवल्यानंतर फ्लॅट नवे घ्या, पॅनेलवर.